डाव्या कोपऱ्यावर लावलेला कॅमेरा

लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाकडून मी कबड्डीचे तीन सामने कॅमेऱ्यात काढून घेतले, त्याबद्दल हे लिहितोय. दुकान अंबाजोगाईत आहे. पुढं पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. मागच्या खोलीत एडिटिंगचा कॉम्प्युटर आणि भिंतीला टांगलेले मांडवातले लाइट. मालक नको म्हणाला म्हणून दुकानाचं नाव देत नाही. लग्नसराईत त्याला आहेत तेच फोन उरकत नाहीत. मी तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ पोरांची कबड्डी घेतो. पहिल्या सामन्याचे १,५०० रुपये अक्षरशः पाण्यात गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्याचे प्रत्येकी २,५०० दिले, आणि ते मला आजही स्वस्त वाटतात.

ज्या पोरासाठी हे सगळं केलं तो १७ वर्षांचा आहे. वजन ६१ किलो, जागा डावा कोपरा. आईबाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर कराडकडं ऊस तोडायला जातात ते पाडव्याच्या आसपास परततात. पोरगा आजीजवळ राहतो. आमच्याकडं कबड्डीच्या स्पर्धांचा आणि उसाचा हंगाम एकच, त्यामुळं त्याच्या बापानं त्याला खेळताना कधी पाहिलेलं नाही.

कबड्डी न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. सात गडी कमानीसारखे उभे राहतात. कमानीची दोन टोकं म्हणजे दोन कोपरे. बहुतेक चढाईपटू उजव्या हातापायाचे, आणि त्यांची उजवी बाजू म्हणजे आपली डावी. म्हणून सगळी कुऱ्हाड आधी डाव्या कोपऱ्यावर पडते. ३० सेकंदांचा दम असतो. कधी आत घुसायचं, हात मारायचा का पाय, का नुसती हूल देऊन परत जायचं, हे चढाईपटूला माहीत असतं. कोपऱ्याला काहीच माहीत नसतं. तो आधी हलला की गेला, आणि उशिरा हलला तरी गेला. त्याच्या आत उभ्या असलेल्या गड्याला आणि त्याच्याही आतल्या गड्याला, म्हणजे कव्हरला, चूक झाकायला जागा असते. कोपऱ्याच्या मागं अंतिम रेषा आणि बाजूला राखीव क्षेत्र, बस्स.

गुणांच्या वहीतही या पोरांवर अन्यायच आहे. प्रो कबड्डीत प्रदीप नरवालचे चढाईचे गुण हजाराच्या कितीतरी पुढं गेले. इराणचा फजल अत्राचली, ज्याला मी डाव्या कोपऱ्याचा बादशहा मानतो, तो पकडीच्या चारशे गुणांपुढं गेला तेव्हा तो विक्रम होता. आपल्या महाराष्ट्राचा गिरीश इर्नाक इतकी वर्षं डावा कोपरा सांभाळत आला, पण गावातल्या दहा पोरांना विचारा, नऊ जणं चढाईपटूंचीच नावं सांगतील. कोपऱ्यानं नुसतं नीट उभं राहून चढाईपटूला रिकाम्या हातानं परत धाडलं तर वहीत त्याची नोंदच होत नाही.

आता बारा नंबर. लातूर जिल्ह्यातल्या एका संघाचा चढाईपटू आहे, राज्य खेळून आलेला. नाव लिहीत नाही, आमची पोरंही त्याला बारा नंबरच म्हणतात. गेल्या वर्षी जत्रेतल्या सामन्यात त्यानं आमच्या डाव्या कोपऱ्याला सात वेळा बाद केलं. सामना संपल्यावर पोरगा माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, "सर, त्याचा पाय मला दिसायलाच नाही." दोन दिवस तो सरावाला फिरकला नाही. मी त्याच्या घरी गेलो. आजी म्हणाली, रात्री झोपेत पाय झाडायलाय.

मी त्याला काय सांगणार होतो? काठाशी उभं राहून ओरडणं वेगळं. मी स्वतः कव्हरला खेळायचो, कोपऱ्यातून चढाई कशी दिसते ते माझ्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही.

त्याच सुमारास टेक्सासात नोकरीला असलेल्या भाच्याशी बोलणं झालं. ही अडचण ऐकून तो म्हणाला, "मामा, इकडच्या फुटबॉलमध्ये अगदी हाच गडी असतो. त्याला कॉर्नरबॅकच म्हणतात." मग त्यानं तासभर समजावून सांगितलं. त्या खेळात चेंडू झेलायला पुढं पळणारा जो असतो तो रिसीव्हर. त्याला कुठं वळायचं ते आधीच ठाऊक असतं. कॉर्नरबॅक त्याच्यासमोर उभा राहून मागं मागं पळत सुटतो आणि समोरच्याचा अंदाज घेत राहतो. सुरुवातीच्या पाच यार्डांपर्यंत त्याला ढकलता येतं, त्यापुढं अडवलं तर पंच पिवळा रुमाल टाकतो. चेंडू हवेत असताना धक्का दिला तर चेंडू थेट त्या जागेवर नेऊन ठेवतात, मग ती जागा ४० यार्ड लांब का असेना. भाचा म्हणाला, तिथले प्रशिक्षक कॉर्नरबॅकला शिकवतात की समोरच्याचे डोळे बघू नको, खांदे बघू नको, कंबर बघ. माणूस सगळं खोटं करू शकतो, कंबर खोटी करता येत नाही.

आमचे वस्ताद आम्हाला मातीवर हेच सांगायचे. मी ते ऐकून गप्प झालो.

पण माझ्या कामाची गोष्ट पुढंच होती. भाचा म्हणाला, टीव्हीवर कॉर्नरबॅकचा खेळ बघताच येत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो. चेंडू हातात घेऊन उभा असलेला खेळाडू मोठा दिसतो, आणि कॉर्नरबॅक अन् रिसीव्हर पळत पळत चौकटीबाहेर जातात. चेंडू उंच उडाला की कॅमेरा तिकडं वळतो आणि मग दोघं दिसतात, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून तिथले प्रशिक्षक वेगळं चित्रण बघतात. उंचावरून काढलेलं, बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत. ना कॉमेंट्री, ना प्रेक्षक.

आपल्याला असं चित्रण हवं, हे त्या फोनवर मला कळलं. आता काढणार कोण? ज्याच्याकडं चांगला कॅमेरा आहे तो. म्हणजे लग्नवाला, ते दुकानाचे मालक, आमचे भाऊ.

पहिला सामना जानेवारीच्या सुरुवातीला काढला. मी नुसतं "सामना काढा" म्हणालो, तिथंच चुकलो. पण सेवेचा दोष तो दोषच, म्हणून सांगतो. भाऊंनी सगळा सामना लग्नासारखा काढला. नवरदेव मांडवात शिरला की कॅमेरा त्याच्या मागं, तसा इथं चढाईपटूच्या मागं. चढाईपटूचा चेहरा जवळून, घामाचे थेंब जवळून, मग गर्दी, मग मंचावरचे पाहुणे, मग पुन्हा चढाईपटू. आमचा डावा कोपरा सगळ्या सामन्यात मोजून अकरा वेळा दिसला, तोही बहुतेक वेळा जमिनीवर पडल्यानंतर. शिवाय खाली गाणं घातलेलं, आणि पकड झाली की पडद्यावर फुलं उधळलेली. पेनड्राइव्ह घेऊन पोरं शाळेच्या कॉम्प्युटरसमोर बसली, आणि दहा मिनिटांत उठून गेली. आठवडाभर वाट बघून हे हातात आलं होतं. मला राग आला होता, आणि तो मी दुकानात जाऊन बोलून दाखवला.

या माणसाची शिफारस मी का करतो ते इथून पुढं वाचा. भाऊंनी वाद घातला नाही. खुर्ची पुढं केली, चहा सांगितला आणि म्हणाले, "सर, तुम्हाला काय बघायचंय ते मला कागदावर काढून दाखवा." मी मैदान काढलं. १३ बाय १०, मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा, राखीव क्षेत्र, सात टिंबं. डाव्या कोपऱ्याच्या टिंबाला गोल केला. ते बराच वेळ कागद बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला नवरदेव नको, नवरदेवाकडं बघणारा माणूस पाहिजे." इतक्या वर्षांत मला कोपऱ्याचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलेलं आठवत नाही.

दुसरा सामना २६ जानेवारीच्या स्पर्धेतला, रात्रीचा, प्रकाशझोतातला, आणि समोर तोच बारा नंबरचा संघ. भाऊ दोन कॅमेरे घेऊन आले. एक शाळेच्या गच्चीवर तिवईला बांधून ठेवला; तो हलवायचा नाही, जवळ आणायचा नाही, सगळं मैदान कायम दिसलं पाहिजे. दुसरा आमच्या अंतिम रेषेमागं चार मीटरवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, डाव्या कोपऱ्याच्या पाठीशी. जवळ ठेवला असता तर पकडीच्या रेट्यात कुणीतरी तिवईवर पडून डोकं फोडून घेतलं असतं. अंतर त्यांनी स्वतः मोजलं, मला सांगावं लागलं नाही.

दिव्यांची एक गोष्ट त्यांच्याकडून शिकलो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलवर स्लो मोशन काढलं की चित्रात काळ्या पट्ट्या पळतात. आमच्या पोरांनी आधी मोबाइलवर काढलेले सगळे व्हिडिओ याच कारणानं वाया गेले होते. भाऊंनी सेकंदाला ५० चित्रं आणि शटर १/१०० असं धरलं. पट्ट्या गेल्या, आणि अर्ध्या वेगानं चालवलं तरी चित्र अडखळलं नाही. मांडवातल्या दिव्यांखाली वीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे ज्ञान आहे. ड्रोनबद्दल मीच विचारलं होतं, हल्ली प्रत्येक लग्नात असतो म्हणून. ते म्हणाले, वरून नुसती डोकी दिसतील, गुडघे दिसणार नाहीत, कशाला पैसे घालता? जास्तीचे तीन हजार मिळत असताना नको म्हणणारा माणूस मला आवडला.

या सामन्यातही एक चूक झालीच. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे त्यांना माहीत नव्हतं. मागचा कॅमेरा उचलून पलीकडं न्यायला पाच-सहा मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याच संघाच्या पाठी निघाल्या. तुम्ही कुणाला बोलावलंत तर हे आधीच सांगून ठेवा.

सामना आम्ही नऊ गुणांनी हरलो. बारा नंबरनं आमच्या कोपऱ्याला पाच वेळा बाद केलं.

व्हिडिओ तिसऱ्या दिवशी मिळाला. गाणं नाही, फुलं नाही. मी, पोरगा आणि आमचा उजवा कोपरा, तिघं भाऊंच्या मागच्या खोलीत बसलो. शाळेचा कॉम्प्युटर एवढी मोठी फाइल उघडत नव्हता, म्हणून त्यांनी आपला दिला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. एकेक चढाई पाठीमागून बघितली. पहिल्यांदा बघताना काहीच कळलं नाही. तिसऱ्यांदा अर्ध्या वेगानं चालवलं तेव्हा भाऊच म्हणाले, "सर, याची डावी टाच बघा."

बारा नंबर हूल देताना दोन्ही पायांच्या चवड्यांवर असतो. हात पुढं फेकतो, खांदा टाकतो, मान वळवतो, पण टाचा वर. जेव्हा तो खरोखर उजवा पाय मारतो, तेव्हा त्याआधी त्याची डावी टाच जमिनीला टेकते. सगळं वजन एका पायावर घेतल्याशिवाय दुसरा पाय लांब जातच नाही. टाच टेकल्यापासून पाय येईपर्यंत आम्ही चित्रं मोजली. कधी बारा, कधी चौदा. सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास वेळ. पोरगा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेला. त्यानं बोट लावून टाच दाखवली आणि म्हणाला, "सर, मी आजपस्तोर याचा हातच बघायलो होतो."

मागच्या कॅमेऱ्यात आमची चूकही दिसली. हात आला की आमचं लेकरू डावा पाय अर्धं पाऊल मागं घेत होतं. पाय मागं गेला की घोट्याला झेपावायला पुन्हा पुढं यावं लागतं, आणि तेवढ्यात पाव सेकंद संपतो. काठावरून मला वाटायचं की पोरगं घाबरतंय. भीती नव्हती ती, सवय होती. माणूस घाबरतो असं समजून त्याला मी वर्षभर रागावलो होतो, ते आठवून मला फार वाईट वाटलं. त्या खोलीतच मी त्याची माफी मागितली.

त्या सामन्यातला सगळ्यात वाईट गुण मात्र पायाचा नव्हता. सामना संपायला चार मिनिटं होती, फरक फक्त तीन गुणांचा. बारा नंबरची तिसरी चढाई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. आमचे पाचच गडी आत होते, म्हणजे बोनस रेषेचा गुणही मिळणार नव्हता. आमच्या पोरांनी फक्त लांब राहायचं होतं. २२ सेकंद सगळे लांब राहिले. मग बारा नंबरनं पाठ फिरवल्यासारखं केलं, आणि डाव्या कोपऱ्याला वाटलं की हीच वेळ. त्यानं मांडीला झेप घातली. बारा नंबर त्याच्यासकट मध्यरेषेवर पडला, आणि पोरगा बाद. त्यानंतर आमचा संघ उभा राहिलाच नाही, लोण बसला, म्हणजे सगळे बाद.

या चढाईवर बोलताना मी त्यांना भाच्यानं पाठवलेली एक चढाई दाखवली. मी तिला चढाईच म्हणतो. १३ नोव्हेंबर २०२२, मिनेसोटा वायकिंग्ज विरुद्ध बफेलो बिल्स. तिथं चार डावांत दहा यार्ड न्यावे लागतात. मिनेसोटाचा चौथा, म्हणजे शेवटचा डाव होता आणि अजून १८ यार्ड बाकी होते. बफेलो चार गुणांनी पुढं. चेंडू जस्टिन जेफरसनकडं उंच उडाला. त्या हंगामात १,८०९ यार्डांसह सगळ्या लीगमध्ये पहिला आलेला रिसीव्हर तो. त्याच्याबरोबर उडी मारली कॅम लुइसनं. हा लुइस कॉर्नरबॅक म्हणून आलेला, खेळाडूंच्या निवडीत कुठल्याच संघानं न घेतलेला. लुइसचे दोन्ही हात चेंडूवर पोचले होते. त्यानं चेंडू नुसता खाली पाडला असता तर डाव संपत होता, चेंडू बफेलोचा होता. पण त्यानं तो झेलायला बघितलं. जेफरसननं मागं पडता पडता एका हातानं चेंडू त्याच्याकडून ओढून घेतला. ३२ यार्ड. पुढं जादा वेळेत मिनेसोटा ३३-३० असा जिंकला.

पोरांनी तो झेल दहा वेळा बघितला. पहिल्या नऊ वेळा सगळे जेफरसनवर खूश. दहाव्या वेळी आमचा डावा कोपरा म्हणाला, "सर, ह्यानं बी माझ्यासारखंच केलंय." मी त्याला काहीच समजावलं नाही. लुइस वाईट खेळाडू आहे असं मला अजिबात वाटत नाही. जगातल्या सर्वांत चांगल्या रिसीव्हरच्या उंचीला तो पोचला होता. कुठं थांबायचं एवढंच राहिलं.

मग सराव. आमच्यातला एक जुना गडी, बँकेत शिपाई आहे, तो रोज संध्याकाळी बारा नंबर व्हायचा. टाच टेकवून पाय मारायचा, टाच न टेकवता हूल द्यायचा. पहिल्या आठवड्यात पोरगं पन्नासात चाळीस वेळा बाद झालं. त्यानं तोंड पाडलं की मी माल्कम बटलरची गोष्ट काढायचो. हाही भाच्याकडूनच कळलेला माणूस. एकेकाळी फ्राइड चिकनच्या दुकानात काम केलेला, निवडीत कुणी न घेतलेला, न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा नवखा कॉर्नरबॅक. २०१५ च्या सुपर बोलआधी, म्हणजे तिथल्या अंतिम सामन्याआधी, सरावात त्यांनी समोरच्या सिएटल संघाची एक चाल खेळून बघितली, आणि त्या चालीवर बटलर फसला. प्रशिक्षकानं तिथंच बजावलं, याच्यावर वेळेत पोचायला पाहिजे. १ फेब्रुवारीला खऱ्या सामन्यात आधी एका रिसीव्हरनं त्याच्यासमोर पडल्या पडल्या अंगावर उडालेला चेंडू झेलला, मैदानभर त्याचीच चूक दिसली. पुढच्या मिनिटाभरात सिएटल गोलरेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपला आणि नेमकी तीच चाल खेळला. बटलरनं ओळखली, रिसीव्हरच्या आधी पोचला आणि चेंडू स्वतः घेतला. पेट्रियट्स २८-२४ नं जिंकले. हंगामाच्या नियमित सामन्यांत त्यानं एकही चेंडू असा पकडला नव्हता. सरावात फसला होता म्हणून त्याला चाल ओळखू आली, हे मी पोराला रोज सांगायचो, आणि मला ते मनापासून पटतं.

तिसरा सामना शिवजयंतीच्या स्पर्धेतला, उपांत्य फेरी, पुन्हा बारा नंबर. या वेळी भाऊ मध्यंतराआधीच मागच्या कॅमेऱ्याजवळ उभे. बाजू बदलली आणि मिनिटाच्या आत कॅमेरा लागला.

बारा नंबरनं आमच्या कोपऱ्याला दोनदा बाद केलं. एकदा त्यानं टाच टेकवून उजव्या पायाऐवजी हात मारला, म्हणजे त्यालाही काहीतरी कळलं असावं. मोठे खेळाडू असेच असतात. आमच्या पोरानं त्याचा घोटा दोनदा धरला. त्यातली एक पकड आमचे तीनच गडी आत असताना झाली, म्हणून एक गुण जास्तीचा मिळाला, आणि ती रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली.

मी मात्र वेगळीच चढाई पुन्हा पुन्हा बघतो. दुसऱ्या सत्रात साधारण आठ मिनिटं उरलेली, बारा नंबरची तिसरी चढाई, आमचे पाच गडी. तो सरळ डाव्या कोपऱ्यावर आला. हात टाकला. पोरगा हलला नाही. खांदा टाकला. पाठ फिरवली, अगदी २६ जानेवारीसारखी, आणि थांबला. मागच्या कॅमेऱ्यात पोराच्या दोन्ही टाचा दिसतात. डावा पाय इंचभर उचलला जातो, आणि परत तिथंच टेकतो. बारा नंबर आणखी एक पाऊल आत आला, जवळजवळ छाती पुढं करून. पोरगा तसाच. पंचानं शिट्टी मारली, ३० सेकंद संपले, बारा नंबर बाद. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, कारण काही घडलंच नव्हतं. गच्चीवरच्या कॅमेऱ्यात भाऊंचा आवाज आलाय, ते स्वतःशीच "उभा राहा, उभा राहा" म्हणतायत.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. उजव्या बाजूनं बरेच गुण गेले, त्यावर पुढच्या वर्षी काम करायचंय.

सेवेच्या बाकीच्या गोष्टी. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागवू नका, त्यावर टाच ओळखू येत नाही. स्वतःचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह द्या. कच्चं चित्रण मागा, एडिटिंग नको असं स्पष्ट सांगा, तेवढे पैसे वाचतात. गच्ची किंवा उंच जागा नसेल तर ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं केलेलं शिडीचं घोडं चालवून घेतात, मी पाहिलंय. पावती मागितली तर देतात, शाळेला लागते. उशीर होतो, हे खरं आहे. लग्नाची तीथ दाट असली तर आठवडा धरा, आणि त्या दिवसांत फोन उचलला जाईल ही अपेक्षा ठेवू नका.

त्या ३० सेकंदांचा तुकडा पोरानं बापाला पाठवला. तिकडं कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, रेंज नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गाडी खाली करताना बापानं तो बघितला आणि फोन केला. पोरगा मैदानातच होता, मी बाजूला. बाप विचारत होता, अरे यात तू तर नुसता उभाच हाईस की, पकड कुठाय? पोरगा म्हणाला, "अप्पा, मागून बघा. माझ्या टाचेकडं बघा." आणि मग पंधरा मिनिटं बापाला तिसरी चढाई म्हणजे काय ते सांगत बसला. सराव थांबला होता, पण मी त्याला हाक मारली नाही.

पुढची स्पर्धा अक्षय्य तृतीयेच्या आसपास आहे. त्या आठवड्यात लग्नं चिक्कार, म्हणून मी भाऊंकडं ५०० रुपये देऊन तारीख आत्ताच धरून ठेवली आहे.